किती दिवस पुरेल?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

२००९ सालच्या फेब्रुवारीत मला माझ्या धाकट्या चुलत भावाचा, बापूचा फोन आला. आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यात. पाऊस बेताचा, जमीन हलकी आणि खाली काळा पाषाण. बापूनं बोअर घेतलं होतं, दोनशे ऐंशी फूट. पहिल्या दोनशे फुटांत नुसती धूळ उडत होती. घरच्यांनी आशा सोडली होती. दोनशे चाळीस फुटांवर भेग लागली आणि पाणी असं उसळलं, की मशीनवाली पोरं नखशिखान्त भिजली. अडीच इंच पाणी! बापूचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. म्हणाला, "दादा, तू जन्मभर विहिरींचंच गणित केलंस. आता सांग, हे पाणी किती दिवस पुरेल? तीन एकर भगवा डाळिंब लावू का?"

मी म्हणालो, "अडीच इंच म्हणजे चांगलंच पाणी आहे. लाव की."

हे उत्तर चुकीचं होतं. आणि ते चुकीचं आहे, हे गावात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. कारण माझी तीस वर्षांची नोकरी याच एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. माझ्या विहिरी तेवढ्या पाण्याच्या नव्हत्या, नैसर्गिक वायूच्या होत्या. पण प्रश्न तोच. विहीर आज एवढा गॅस देते आहे, तर उद्या किती देईल, पाच वर्षांनी किती आणि थांबेल केव्हा?

आज मी याच प्रश्नाविषयी बोलणार आहे, आणि त्यातही एका खास प्रकारच्या खडकाविषयी. ज्या खडकाला निसर्गतःच भेगा पडलेल्या असतात, त्यातल्या गॅसच्या विहिरीची घट कशी ओळखायची, याविषयी.

आधी एक गैरसमज दूर करतो. जमिनीखाली तेलाचं तळं असतं, गॅसची गुहा असते आणि आपण वरून नळी घालून ते ओढून घेतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. खाली असतो तो दगडच. वाळूचा दगड, चुनखडी, डोलोमाइट. या दगडाला अतिशय बारीक छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत गॅस प्रचंड दाबाखाली दडपून बसलेला असतो. विहीर खणली की तिच्या तळाशी दाब कमी होतो आणि आजूबाजूचा गॅस तिकडे सरकू लागतो. जसजसा गॅस निघतो, तसतसा खडकातला दाब उतरतो. दाब उतरला की गॅस येण्याचा वेग उतरतो. म्हणजे प्रत्येक विहीर पहिल्या दिवसापासून म्हातारी होत असते. प्रश्न आहे तो किती वेगानं, एवढाच.

हा प्रश्न काही इंजिनिअरांच्या कागदावरचा नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, समुद्राखालच्या एका मोठ्या क्षेत्रातून २००९ च्या एप्रिलमध्ये गॅस सुरू झाला. २०१० मध्ये दिवसाला सहा कोटी घनमीटरपर्यंत तो पोचला. आठ कोटींपर्यंत जाईल, असा अंदाज होता. त्या अंदाजावर देशात कितीतरी वीजकेंद्रांची गणितं मांडली गेली. प्रत्यक्षात उत्पादन उतरत गेलं आणि ज्या विहिरींपासून सुरुवात झाली होती, त्या २०२० मध्ये बंद झाल्या. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला दाभोळचा वीजप्रकल्प या गॅसवर अवलंबून होता. २०१३ मध्ये तिथला पुरवठा थांबला आणि तो प्रकल्प २०१५ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे रेल्वेसाठी वीज देऊ लागेपर्यंत, जवळजवळ गप्प उभा होता. तिथला खडक भेगांचा नव्हता, वाळूचा होता. पण अंदाज चुकला की तो कुठकुठल्या गावात जाऊन आदळतो, हे कळावं म्हणून सांगितलं.

आता हा अंदाज बांधतात कसा? सगळ्यात जुनी रीत साधी आहे. विहिरीनं महिन्याला किती दिलं याचे आकडे कागदावर मांडायचे, ठिपक्यांतून रेघ ओढायची आणि ती पुढे वाढवायची. अमेरिकेत ही रीत रुळायला आणखी एक कारण झालं, ते म्हणजे कर! १९१८ च्या करकायद्यानंतर प्रत्येक विहिरीत अजून किती माल शिल्लक आहे, हे सरकारला पटवून द्यावं लागे. मग विहिरींच्या घटीचे आलेख काढून देऊ लागले. या सगळ्याला नीट गणिती रूप दिलं ते जे. जे. आर्प्स या इंजिनिअरनं, १९४५ साली. माझ्या पिढीचा प्रत्येक इंजिनिअर आर्प्सच्या वक्रांवर वाढला आहे.

आर्प्सच्या मांडणीत दोन टोकं आहेत. एका टोकाला विहीर दरवर्षी तेवढ्याच टक्क्यांनी घटते. दुसऱ्या टोकाला घटीचा टक्काच दरवर्षी कमी कमी होत जातो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण एक उदाहरण घ्या. विहीर दिवसाला एक लाख घनमीटर गॅस देते आहे आणि पहिल्या वर्षात ती चाळीस टक्क्यांनी उतरली. दोन्ही रीतींनी वर्षअखेर साठ हजार उरले. इथपर्यंत दोन्ही रेघा एकच. आता पाच वर्षांनी काय? पहिल्या रीतीनं जेमतेम पावणेआठ हजार. दुसऱ्या रीतीनं तेवीस हजार. आणि दहा वर्षांनी? पहिल्या रीतीनं सहाशे, म्हणजे विहीर केव्हाच मेलेली. दुसऱ्या रीतीनं तेरा हजार, म्हणजे म्हातारी आपली काठी टेकत चालते आहे. पहिल्या वर्षाचे आकडे तेच, आणि भविष्यं मात्र ही अशी दोन.

यातलं खरं कुठलं, हे रेघ सांगत नाही. ते खडक सांगतो.

आणि इथं भेगा येतात. चुनखडीसारखा एखादा थर लाखो वर्षांत वाकतो, दुमडतो, तेव्हा तो तडकतो. त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात. दोन भेगांच्या मधला दगड मात्र घट्टच राहतो. त्यात छिद्रं असतात, छिद्रांत गॅस असतो, पण त्या छिद्रांची तोंडं इतकी अरुंद, की गॅस बाहेर यायला युगं लागावीत. म्हणजे अशा खडकात एकाच जागी दोन व्यवस्था नांदत असतात. भेगा म्हणजे हमरस्ते, ज्यांतून गॅस धावत सुटतो. पण भेगांची स्वतःची जागा ती केवढी? पुष्कळ ठिकाणी एकूण साठ्याच्या शंभरांत एखादाच भाग भेगांत असतो. बाकीचा सगळा त्या घट्ट दगडात.

मी तरुण इंजिनिअरांना समजावताना म्हणत असे, भेग म्हणजे खिसा आणि दगड म्हणजे पोस्टातली मुदतठेव. खिशात हात घातला की पैसे लगेच मिळतात, पण ते थोडे असतात. ठेवीत पुष्कळ असतात, पण खिडकीवर रांग असते. माणसाचा पहिल्या आठवड्याचा खर्च पाहून त्याची श्रीमंती ठरवाल तर फसाल. तो खिशातलं उडवत असतो.

हे सगळं मी पुस्तकात शिकलो होतो. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. तरी १९९४ साली मी त्यात पुरता फसलो.

तेव्हा मी पश्चिम आशियात कराराच्या नोकरीवर होतो. वाळवंटात भेगाळलेल्या चुनखडीचं एक छोटं गॅसक्षेत्र होतं. तिथं एक नवी विहीर लागली. तीन दिवस चाचणी घेतली. दिवसाला पाच लाख घनमीटर, आणि दाब जवळजवळ जागचा हलत नव्हता! मी अहवाल लिहिला. विहीर उत्तम आहे, मोठी आहे, टिकेल. त्या अहवालावर नळ घातले गेले, कॉम्प्रेसर मागवला गेला, छावणी उभी राहिली. छावणीत पन्नासेक कामगार. केरळचे, पाकिस्तानातले, आणि आपल्या कोकणातलेही. खेडकडचा एक वेल्डर होता. मी मराठी बोलतो हे कळल्यावर तो दर शुक्रवारी माझ्या खोलीवर चहाला यायचा.

अकरा महिन्यांत पाच लाखांचे एक लाख नव्वद हजार झाले.

मी घाबरलो. माणूस घाबरला की दुसऱ्या टोकाला जातो. मी अकरा ठिपके मांडले, त्यांतून आर्प्सची सर्वांत सरळ रेघ ओढली आणि पुढे वाढवली. तीन वर्षांच्या अखेरीस उत्तर आलं वीस हजार. म्हणजे त्या आधीच विहीर तोट्यात. दुसरा अहवाल लिहिला. ही विहीर संपते आहे, कॉम्प्रेसर बसवू नका, दुसरीकडे न्या. कंपनीनं ऐकलं. अशा वेळी कंपन्या चटकन ऐकतात. त्याच महिन्यात चौदा कामगारांना परत पाठवलं. त्यांत खेडचा वेल्डर होता. जाण्याआधी तो भेटायला आला. त्यानं काही तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "साहेब, गॅस खरंच संपला का?" मी आलेख दाखवला. त्याला त्यातलं काय कळणार? पण त्यानं तो बराच वेळ पाहिला.

आमच्याबरोबर एक वयस्कर इजिप्शियन गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, फारसं न बोलणारे. त्यांनी माझा अहवाल वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "विहिरीचा दाब मोजलास तेव्हा ती किती वेळ बंद ठेवली होतीस?" मी म्हटलं, चोवीस तास. ते म्हणाले, "मग तू भेगांचा दाब मोजलास. दगडाचा मोजलाच नाहीस."

ही गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. विहीर बंद केली की दाब पुन्हा चढू लागतो. भेगा मोकळ्या असल्यानं त्यांच्यातला दाब आधी सारखा होतो. तो भरभर चढतो आणि मग मंदावतो. आलेख आडवा होतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं, एवढाच दाब उरला. तो यंत्र गुंडाळतो. पण त्याच वेळी दगडातून गॅस हळूहळू भेगांत झिरपायला लागलेला असतो. आणखी थांबलात तर तो आडवा आलेख पुन्हा वर उठतो. खडकाचा खरा दाब त्या दुसऱ्या चढावर असतो. माझं यंत्र आडव्या पायरीवरच गुंडाळलं गेलं होतं. कमी दाब, म्हणजे कमी शिल्लक, असा हिशेब मी केला होता. पहिल्या चाचणीतही हेच, पण उलट्या बाजूनं झालं होतं. तीन दिवसांत मी फक्त हमरस्त्याची रुंदी पाहिली होती आणि तीच गावाची लोकसंख्या समजलो होतो.

विहीर महिनाभर बंद ठेवा, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण बंद विहिरीचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेले पैसे. पण नशिबानं प्रक्रिया केंद्राची मोठी दुरुस्ती निघाली आणि विहीर आपोआपच पस्तीस दिवस बंद राहिली. खाली दाबमापक सोडून ठेवला होता. आम्ही रोज आकडा पाहायचो. पहिले तीन दिवस चढला, पुढचे सहा-सात दिवस जवळजवळ जागच्या जागी, आणि मग पुन्हा चढू लागला. अगदी सावकाश, पण थांबेना. विहीर पुन्हा सुरू केली ती तोंड लहान ठेवून. आमच्या भाषेत, बारीक चोकवर. काही आठवड्यांत ती एक लाख चाळीस हजारांवर आली आणि तिथं रेंगाळली. दोन वर्षांनी एक लाख दहा हजार होती. मी १९९८ ला ती नोकरी सोडली, तेव्हा ती विहीर चालू होती आणि तिला कॉम्प्रेसरही बसला होता. चौदा माणसं मात्र परत बोलावली गेली नाहीत. त्यांच्या जागी दुसरी आली.

या दुहेरी खडकाचं गणित कुणी प्रथम मांडलं, याची कथा मला फार आवडते. १९६० मध्ये रशियात बारेनब्लाट, झेल्तॉव्ह आणि कोचिना या तिघांनी ते मांडलं. एकाच जागी दोन दाब माना, एक भेगेतला, एक दगडातला, आणि दोघांत देवाणघेवाण चालू आहे असं धरा. १९६३ मध्ये अमेरिकेत वॉरन आणि रूट यांनी हीच कल्पना इंजिनिअरांच्या हातात देता येईल, अशा रूपात आणली. ते दिवस दोन देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून धरण्याचे होते. खडकाचं गणित मात्र दोन्हीकडे एकच निघालं.

वॉरन आणि रूट यांचं चित्र अगदी घरगुती आहे. साखरेच्या चौकोनी वड्या एकावर एक, एकीशेजारी एक रचून ठेवा. वड्या म्हणजे दगड, वड्यांमधल्या फटी म्हणजे भेगा. खरा खडक इतका शिस्तीत कधीच तडकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण या चित्रामुळे सगळा गुंता दोन आकड्यांवर आला. पहिला आकडा असा, की एकूण साठ्यातला किती भाग भेगांत आहे. दुसरा, दगडातून भेगेत गॅस किती सहज येतो. पहिल्यावरून सुरुवातीची उसळी किती टिकेल हे कळतं. दुसऱ्यावरून ती संपल्यावर विहीर कोणत्या पातळीवर सावरेल हे कळतं. आणि वड्यांचा आकार फार महत्त्वाचा. वडीची बाजू दुप्पट झाली की आतला गॅस बाहेर यायला चौपट वेळ लागतो.

म्हणजे अशा विहिरीच्या आयुष्याचे तीन टप्पे दिसतात. आधी झपाट्यानं उतार, त्यात खिसा रिकामा होतो. मग बराच काळ मंद, जवळजवळ सपाट चाल. त्या काळात दगड पुरवत असतो. आणि शेवटी दुसरा उतार, जेव्हा दगडही रिता होऊ लागतो. पहिल्या टप्प्यावर रेघ ओढणारा विहिरीला लवकर मारतो. दुसऱ्या टप्प्यावर रेघ ओढणारा तिला अमर करतो. दोघांचेही आलेख दिसायला सुबक असतात.

गॅसच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. भेगा उघड्या राहतात त्या आतल्या दाबाच्या आधारानं. दाब उतरला की वरच्या खडकाच्या ओझ्यानं त्या मिटू लागतात. म्हणजे हमरस्ताच अरुंद होत जातो. घट त्यामुळे आहे की साठा संपल्यामुळे, हे वरून ओळखणं कठीण. विहीर फार जोरात ओढली तर हे लवकर होतं.

आणि मग पाणी. भेगांच्या खडकातला सगळ्यात मोठा दगाबाज म्हणजे पाणी. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लाक नावाचं गाव आहे. १९५१ च्या डिसेंबरात तिथं सुमारे साडेतीन किलोमीटर खोलीवर गॅस लागला तो स्फोटासारखाच. विहीर हाताबाहेर गेली. अमेरिकेहून मायरन किन्ली या नामांकित विहीर-विझव्याला बोलवावं लागलं. गॅसमध्ये सुमारे पंधरा टक्के हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे माणसाला मारणारा आणि साध्या पोलादाला तडे पाडणारा वायू. नव्या जातीचं पोलाद तयार करावं लागलं. उत्पादन सुरू झालं १९५७ मध्ये. खडक होता घट्ट चुनखडीचा, भेगाळलेला. म्हणजे दोन-चार वर्षांत दम तोडायला हवा होता. पण या विहिरींनी पन्नास वर्षांहून अधिक काळ गॅस दिला. फ्रान्सच्या गॅसवाहिन्यांना होणारा पुरवठा थांबला तो २०१३ मध्ये. का टिकल्या? दगड सावकाश पुरवत राहिला, भेगांनी तो वाहून आणला, आणि मुख्य म्हणजे खालून पाणी चढलं नाही.

त्याच प्रदेशात, पो शहराच्या पलीकडे, मेयों नावाचं दुसरं क्षेत्र १९६० च्या दशकात सापडलं. तिथंही भेगाळलेला खडकच. पण तिथं गॅसला लागून पाण्याचा साठा होता. दाब उतरला तसं पाणी भेगांच्या वाटेनं विहिरींकडे आलं. चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या वेइयुआन क्षेत्राची कथा तीच. १९६४ मध्ये सापडलेलं हे क्षेत्र भेगांतून चढलेल्या पाण्यानं घेरलं आणि मूळ साठ्याच्या निम्म्याहून बराच कमी गॅस हाती आला. बाकीचा तिथंच, दगडाच्या ठोकळ्यांत अडकून राहिला. चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला. विहिरीच्या मासिक आकड्यांत हे आधी दिसत नाही. ठिपके छान, सपाट, आश्वासक असतात, आणि एका महिन्यात विहीर पाणी ओकू लागते. म्हणून मी म्हणतो, नुसत्या ठिपक्यांवर विसंबणारा माणूस या धंद्यात धोकादायक. विहिरीबरोबर येणाऱ्या पाण्याचा थेंबन् थेंब मोजावा लागतो, त्यातलं मीठ तपासावं लागतं. मीठ वाढलं तर खालचं पाणी निघालं आहे, असा संशय घ्यायचा.

आता संगणक आले आहेत. विहिरीच्या भिंतीचे फोटोसारखे आलेख निघतात, भेगा मोजता येतात. हजारो भेगांचं जाळं संगणकात उभं करून गॅस त्यातून वाहवता येतो. मी या साधनांचा भक्त आहे, पण आंधळा नाही. मागची पाच वर्षं हुबेहूब जुळवून दाखवणारी दहा वेगवेगळी मॉडेलं मी एका टेबलावर पाहिली आहेत. दहाही मागच्या काळाबाबत एकमत, आणि पुढच्या दहा वर्षांबाबत दहा मतं! अशा वेळी प्रामाणिक इंजिनिअरानं एक आकडा सांगू नये, तीन सांगावेत. कमीत कमी एवढं, बहुधा एवढं, सगळं जमून आलं तर एवढं. पण साहेबांना एकच आकडा हवा असतो. बैठकीत पाटीवर एकच आकडा लिहायला जागा असते. आणि तीनांतला कुठला लिहिला जातो, हे मी सांगायला नको.

आता बापूकडे येतो. आमच्याकडचा काळा पाषाण चुनखडी नव्हे, पण रचना तीच. घट्ट दगड, मध्ये भेगा, आणि भेगा लागल्या की उसळणारं पाणी. फरक एवढाच की पाण्याच्या बोअरला पावसाळा असतो, गॅसच्या विहिरीला तो नसतो. पण पावसाळाही यावा लागतो ना! २०१२ साली तो आलाच नाही. त्या वर्षीच्या दुष्काळाची आठवण आमच्या भागात अजून काढतात. बोअरनं त्याआधीच, उन्हाळ्यात, मान टाकली होती. अडीच इंचांचं अर्धा इंच झालं, मग मोटार दहा मिनिटं चालून हवा ओढू लागली. तीन एकरांत डाळिंब ऐन बहरातलं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. बापूचं म्हणणं, आणखी कर्ज काढून सहाशे फुटांपर्यंत जाऊ. पाणाड्यानं नारळ फिरवून जागाही दाखवली होती.

मी गाडी काढून गावी गेलो. ओसरीवर बसलो आणि आधी सांगून टाकलं, "बापू, २००९ ला मी तुला चुकीचं सांगितलं. तीन तास चाललेलं पाणी बघून मी तीन एकरांचा सल्ला दिला. माझ्या धंद्यात हे पाप समजतात." बापू काही बोलला नाही. त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, झालं ते झालं. आता किती झाडं ठेवायची तेवढं सांगा."

मग आम्ही मोटार बारा दिवस बंद ठेवली. दोन टँकरवर झाडं कशीबशी जगवली. बापू सकाळ-संध्याकाळ बोअरमध्ये दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायचा आणि मी ती वहीत मांडायचो. पहिल्या दिवशी पाणी झटकन चढलं, मग अडलं, मग पुन्हा बोट बोट चढत राहिलं. वाळवंटातला तो आलेख मला ओसरीवर बसून पुन्हा दिसला. सातव्या दिवशी बापूला वाटलं संपलं, आता मोटार लावू. मी लावू दिली नाही. बाराव्या दिवसानंतर रोज पाऊण तास, एवढंच पाणी काढायचं ठरवलं. त्या हिशेबात एक एकर बसत होता, तोही ताणून. दोन एकर डाळिंब बापूनं स्वतःच्या हातानं काढलं. मी त्या दिवशी गावात होतो, पण शेतावर गेलो नाही. नवं बोअर घेतलं नाही, त्यामुळे नवं कर्जही झालं नाही. जुनं फिटायला २०१७ उजाडलं.

तेव्हापासून बापू दर अमावास्येला दोरी सोडतो आणि मला फोन करून आकडा सांगतो. मी तो वहीत लिहितो. वही आता तिसरी चालू आहे. परवाचा आकडा एकशे बारा फूट. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की आदल्या दिवशी मोटार किती वेळ चालली होती, हे विचारायचं राहिलंच. पुन्हा फोन लावला.